अष्टमुडीतल्या तिसऱ्या कुठं गेल्या?

गलाईवाला_कोल्लम :

राम राम मंडळी. मूळ गाव आपल्या सांगलीच्या खानापूर तालुक्यात, पोट केरळातल्या कोल्लमला. विट्याकडची किती घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी केरळ-तामिळनाडूत जाऊन राहिलीत हे इथं वेगळं सांगायला नको. यात्रेला गावी आलोय, हातात वेळ आहे, म्हणून बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडतो.

कोल्लम शहर अष्टमुडी कायलच्या काठावर वसलंय. कायल म्हणजे समुद्राला जोडलेला खाऱ्या-गोड्या पाण्याचा मोठा जलाशय. वरून कल्लडा नदीचं गोडं पाणी येतं, नींडकराच्या मुखातून भरतीचं खारं पाणी आत शिरतं. २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. तळाच्या रेतीत आणि चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, भरपूर. माणसं छातीभर पाण्यात उभी राहून, पायानं चाचपून, हातजाळ्यानं ओढून त्या काढायची. उकडून, शिंपल्यातून सोडवून, गोठवून माल परदेशी जायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे पैदाशीचे महिने, तेव्हा काढणी बंद. हे सगळं इतकं शिस्तीत चालायचं की २०१४ साली या मासेमारीला एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं. भारतात ते मिळवणारी ही पहिली मासेमारी.

मग चारू आली. चारू मसल, शास्त्रीय नाव मायटेला स्ट्रिगाटा. कोकणातले शिणाणे माहीत असतील त्यांनी त्यांचंच बारीक, काळपट भावंड समजावं. मूळ मुलूख मध्य आणि दक्षिण अमेरिका. वेंबनाड (कोचीकडचा कायल) आणि अष्टमुडीत तिची नोंद २०१९ ची. त्यानंतर जे झालं ते मी दुकानातून येता-जाता बघितलंय. जेट्टीचे खांब काळे, होड्यांचे तळ काळे, दोर काळे, आणि तळावरच्या चिखलावर सतरंजी अंथरावी तशी जिवंत शिंपल्यांचा जाड थर. खालच्या तिसऱ्या गुदमरल्या.

माझं दुखणं असं आहे. या माणसांनी बंदी पाळली, बारीक माल परत पाण्यात सोडला, जास्त काढलं नाही. तरी बुडाली ती हीच माणसं. ज्या कुणाच्या जहाजातून ही चारू आली त्याला पत्ताही नाही आणि दंडही नाही. यावर जाणकारांनी बोलावं.

सांगलीचा_सडेतोड :

दादा, विषय चांगला आहे, पण सांगलीला समुद्र कुठाय? हिथं माणसं महापुराच्या पातळीचे आकडे बघत पावसाळा काढतात. केरळातल्या शिंपल्यांचं आम्ही काय करायचं?

माहेरवाशीण_रत्नागिरी :

सडेतोड भाऊ, सांगलीच्या बाजारातलं पापलेट काय आयर्विन पुलाखाली सापडतं का? आंबा घाटातून बर्फाच्या गाड्या येतात म्हणून बुधवार-रविवार तुमचे साजरे होतात. किनाऱ्यावर काही झालं तर भाव पहिला इथंच कळेल.

माझा प्रश्न गलाईवाल्या दादांना. आमच्या खाडीत शिणाणे, कालवं, तिसऱ्या सगळंच आहे. बायकाच ओहोटीला जाऊन काढतात. चारू तिकडं आली तर ओळखायची कशी?

मिरजेचा_मास्तर :

ताई, ओळखीचं सांगतो, पण आधी ही करते काय ते समजून घेऊ. निवृत्त आहे, प्राणिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे थोडं लांबेल. सवय जात नाही.

तिसरी चिखलात पुरून राहते आणि दोन बारीक नळ्या वर काढते. एकीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. त्यातूनच श्वास, त्यातूनच अन्न. चारू पुरून घेत नाही. ती रेशमासारखे चिवट धागे सोडून खडकाला, लाकडाला, दोराला, काहीच नसेल तर एकमेकींना चिकटते. मऊ चिखलावर एखादा शिंपला पडलेला असला की त्यावर एक, तिच्यावर दुसरी, असं करत चटई तयार होते. तिसरीच्या नळ्या या चटईखाली अडकतात.

पुढचं जास्त वाईट आहे. लाखो चारू पाणी गाळतात, त्यातलं सूक्ष्म अन्न ओढून घेतात आणि नको असलेलं चिकट गोळ्या करून खाली टाकतात. तो काळा गाळ चटईत साचतो, कुजतो, तळाचा प्राणवायू संपवतो. वरून पाणी मात्र नितळ दिसतं. "बघा, पाणी स्वच्छ झालं" असं म्हणणारे तिथंही भेटतील. नितळ पाण्यात माशांच्या पिलांना खायला काही उरलेलं नसतं हे डोळ्यांना दिसत नाही.

आणि तिचा चिवटपणा. जवळजवळ गोड्या पाण्यापासून पुऱ्या समुद्राएवढ्या खारटपणापर्यंत ती तग धरते, फक्त बदल हळूहळू व्हायला हवा. उपासमार झाली तर माद्यांचे नर होतात, असं प्रयोगात दिसलंय. अमेरिकेत ती पहिल्यांदा सापडली १९८६ मध्ये, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, वीजकेंद्राचं पाणी ओढणाऱ्या पाइपात. म्हणजे मासेमार नसलेल्यांचंही नुकसान होतं.

चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत हीच कथा आहे, फक्त तिथं फटका कोळंबीला. कोळंबी दिवसा चिखलात घुसून बसते. चिखलावर शिंपल्यांचा थर चढला की तिला घुसायला जागा नाही, आणि मच्छीमारांनी हात घातला तर हात कापतात.

कराडचा_खलाशी :

मास्तरांनी पाण्यातलं सांगितलं, मी जहाजातलं सांगतो. मर्चंट नेव्हीत इंजिनात काम करतो, सध्या सुट्टीवर कराडला.

रिकामं जहाज समुद्रात उभं राहत नाही, कलंडतं. म्हणून माल उतरवला की टाक्यांमध्ये तिथलंच पाणी भरायचं, याला बॅलास्ट म्हणतात. पुढच्या बंदरात माल चढवताना ते पाणी सोडून द्यायचं. ब्राझीलच्या खाडीत भरलेलं पाणी आशियातल्या बंदरात रिकामं झालं की त्यातली अळी, अंडी, शेवाळ सगळं आशियात उतरलं. शिंपल्यांच्या अळ्या पाण्यात तरंगतच वाढतात, त्यांना हा प्रवास फुकट.

यावर आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि अमलात यायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं. तेरा वर्षं! आधीचा उपाय म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, खोल समुद्रात पाणी बदलायचं. आताचा नियम कडक आहे. सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉनहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असले पाहिजेत. त्यासाठी गाळणी, अतिनील दिवे नाहीतर क्लोरीन तयार करणारी यंत्रणा बसवावी लागते. ८ सप्टेंबर २०२४ पासून कराराखालच्या सगळ्या जहाजांना हे लागू आहे.

आता खरी गोम. हा करार टाकीतल्या पाण्याचा आहे. जहाजाच्या पोटाला बाहेरून चिकटून जे येतं त्याला तो लागू नाही, त्यावर नुसत्या मार्गदर्शक सूचना आहेत. समुद्राचं पाणी आत घ्यायच्या जाळीमागं एक कोनाडा असतो, सी चेस्ट म्हणतात. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज कोरडं करून दुरुस्त करतात तिथं, ती उघडली की शिंपल्यांचं अख्खं गाव निघतं. चारू टाकीतून आली की तळाला चिकटून, हे छातीठोक कुणी सांगू शकत नाही. आणि एकदा कोचीत पोचली की पुढं न्यायला मोठं जहाज लागत नाही, तळ न खरवडलेली मासेमारी होडी पुरते.

ऊसकरी_वाळवा :

चर्चा चांगली चाललीय. मला वाटतं सगळा दोष परक्या जिवावर टाकणं सोयीचं आहे. स्पेनमध्ये मार मेनोर नावाचं खाजण आहे, समुद्राला लागून. १९७९ मध्ये दूरच्या ताहो नदीचं पाणी कालव्यानं आणलं, कोरडवाहू रान बागायती झालं, भाजीपाल्याची निर्यात जोरात. खतं वाहून खाजणात. पाणी आधी हिरवं झालं, तळावरच्या वनस्पतींना ऊन मिळेना, त्या मेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्राणवायू न मिळाल्यामुळं हजारो मासे आणि खेकडे तडफडत काठावर आले. अमेरिकेतला निळा खेकडाही तिथं घुसलाय, पण तो नंतरचा पाहुणा. घर आधीच ढासळलेलं होतं. शेवटी लोकांनी सहा लाखांवर सह्या गोळा केल्या आणि २०२२ मध्ये त्या खाजणाला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा मिळाला.

म्हैसाळ-टेंभूचं पाणी आलं तसं आपलंही रान बदललं. मी स्वतः ऊस लावतो, युरियाची पोती माझ्याही रानात रिकामी होतात. त्यामुळं हे लिहिताना बोटं जरा अडखळतात.

कृष्णाकाठचा_भोई :

ऊसकरी दादा बरोबर बोलला. माझं शिक्षण कमी, जाळं मात्र आज्यापासून. हिथं कृष्णंत काय चाललंय ते सांगतो, मग समुद्राचं बोला.

उन्हाळ्यात पाणी तटलं की केंदाळ. मळीचं पाणी आलं की मासं पोट वर करून काठाला. तवा जे देशी मासं मरत्यात ते परत दिसायला वर्ष जातं, आन् चिलापी पंधरा दिवसांत हाजीर. मांगूर तर घाणीतबी जगतो, वर येऊन हवा घेतो. म्हापुरात शेततळी फुटली, त्यातलं काय काय नदीत आलं देवाला ठावं. आता त्यो सकर मासा, शोभेच्या काचटाकीतला. अंगावर काटं, जाळ्यात घावला की जाळं कापूनच काढायचा. खायला कोण घेत न्हाई. मरळ, वाम घावली तर लोक फोटो काढत्यात.

सरकारी बी सोडत्यात ते रोहू-कटल्याचं. आमच्या नदीचं जे मासं, त्यांचं बी कोण सोडत न्हाई.

मिरजेचा_मास्तर :

भोईदादा, लाखातलं बोललात. रोहू-कटला मूळचे गंगेकडचे, दख्खनच्या नद्यांत माणसानं आणले. आपण त्यांना आता घरचेच समजतो. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली, आफ्रिकेतली. मादी अंडी-पिलं तोंडात सांभाळते, म्हणून कसल्याही पाण्यात पिढी वाचते. थाई किंवा आफ्रिकी मांगूरवर २००० पासून बंदी आहे, तरी तळ्यांत सापडतो. आणि आरोग्य खात्यानं डासांसाठी विहिरी-डबक्यांत सोडलेले गप्पी मासे? तेही दक्षिण अमेरिकेचे. म्हणजे आपणही बॅलास्ट टाकीच आहोत, पायानं चालणारी.

सांगलीचा_सडेतोड :

मास्तर, माझा प्रश्न मागं घेतो. भोईदादांनी विषय दारात आणून ठेवला.

पण एक कळत नाही. एवढी चारू आहे तर खा की! शिंपलाच तो. आपल्याकडं काही फुकट जात नाही. विका, सुकट करा, कोंबडीला घाला.

गलाईवाला_कोल्लम :

खातात भाऊ. काढून विकतातही. पण तिसरीचा भाव तिला नाही, मांस थोडं. दिवसभर काढून हातात काय येतं ते विचारा. शिवाय तिसरीच्या मागं निर्यातीची साखळी होती: काढणारे, उकडणारे, सोलणाऱ्या बाया, बर्फवाले. चारूमागं तसं काही नाही.

कराडचा_खलाशी :

खाण्यावरून आठवलं. इटलीला पो नदीच्या मुखाशी, गोरो आणि स्कार्दोवारीच्या खाजणांत २०२३ मध्ये निळ्या खेकड्यानं हाहाकार केला. हा अमेरिकेच्या अटलांटिक काठचा, भूमध्य समुद्रात १९४० च्या दशकापासून तुरळक दिसायचा. पाणी गरम होत गेलं आणि अचानक फुटला. एक मादी एका खेपेला वीस लाखांच्या आसपास अंडी घालते. तिथल्या लोकांची शेती म्हणजे तळाला पेरलेल्या तिसऱ्या, खेकड्यानं बारीक बी फोडून खाल्लं. सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये २९ लाख युरो दिले, मंत्र्यांनी खेकडा खातानाचे फोटो टाकले, हॉटेलांत पदार्थ आले. खेकडा आहे तिथंच आहे.

गंमत ऐका. ज्या तिसरीसाठी सगळे रडत होते ती मनिला क्लॅम, आशियातली. १९८३ मध्ये व्हेनिसच्या खाजणात शेतीसाठी आणली आणि तिनं तिथली देशी तिसरी मागं ढकलली. चाळीस वर्षांत परकी घरची झाली.

मिरजेचा_मास्तर :

याची दुसरी बाजू ट्युनिशिया. गाबेसच्या आखातात दहा-बारा वर्षांपूर्वी एक खेकडा घुसला, सुएझ कालव्याच्या वाटेनं. जाळी फाडायचा, अडकलेले मासे खायचा. चिडून मच्छीमारांनी त्याला 'दाएश' नाव दिलं, म्हणजे आयसिस या दहशतवादी संघटनेचं अरबी नाव. पुढं सापळे बदलले, कारखाने उभे राहिले, आशियाला निर्यात सुरू झाली, आणि आज कित्येकांची चूल त्यावर चालते. तो खेकडा आपल्या हिंदी महासागराचा, बरं का. आपल्याकडूनही जातं, नुसतं येत नाही.

म्हणजे खाऊन धंदा होऊ शकतो. पण धंदा उभा राहिला की तो जीव संपू नये असं वाटणारी माणसं तयार होतात. मग त्याला संपवण्याची भाषा कोण करणार? खाणं हा पोटाचा उपाय आहे, खाजणाचा नव्हे.

ऊसकरी_वाळवा :

त्याचा वैरी आणून सोडला तर? ऊसातल्या लोकरी माव्यावर आपण मित्रकिडे सोडलेच की.

मिरजेचा_मास्तर :

काळ्या समुद्राचं उदाहरण याच्या बाजूनं देतात. ऐंशीच्या दशकात जहाजांच्या पाण्यातून कंगव्यासारख्या पट्ट्यांची एक पारदर्शक जेली तिथं आली, निमिओप्सिस. माशांची अंडी आणि त्यांचं अन्न दोन्ही फस्त. दशक संपता संपता तिथली अँकोव्ही या बारीक माशाची मासेमारी कोसळली. १९९७ मध्ये तिलाच खाणारी दुसरी जेली, बेरोई, आली आणि पहिलीचा जोर ओसरला. पण ती कुणी ठरवून सोडली नव्हती, तीही तशीच वाट चुकून आली. नशीब. ती फक्त तिच्याच जातभाईंना खाते म्हणून जमलं. चारूला खाणारा जीव तिसरीला सोडेल कशावरून?

माव्याच्या मित्रकिड्यांची आधी चाचणी झाली होती आणि रान डोळ्यांसमोर होतं. खाजणात सोडलेला जीव परत पकडून आणता येत नाही.

माहेरवाशीण_रत्नागिरी :

म्हणजे एकदा आली की गेलीच नाही, असंच ना? मग आम्ही बोलून उपयोग काय?

कराडचा_खलाशी :

एकदा घालवलीय, ताई. १९९९, ऑस्ट्रेलियातलं डार्विन. चारूची लांबची नातलग म्हणावी अशी पट्ट्यांची शिंपली, मायटिलॉप्सिस, तिथल्या बोटींच्या गोद्यांत सापडली. हीच शिंपली आपल्या विशाखापट्टणमला १९६७ मध्ये आली होती, पुढं मुंबईच्या गोदीतही पसरली, आणि आपण तिच्यासोबत राहायला शिकलो. ऑस्ट्रेलियानं गोद्यांचे दरवाजे बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, तिथून निघून गेलेल्या होड्या शोधून तपासल्या आणि काही आठवड्यांत संपवली. पाण्यातलं बाकी सगळंही मेलं. पण ते जमलं कारण गोद्यांना दरवाजे होते आणि नजर लवकर पडली. अष्टमुडीला कुठला दरवाजा लावणार?

मिरजेचा_मास्तर :

म्हणून ताईंचा पहिला प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा. ओळख. चारू साधारण चार-पाच सेंटिमीटरपर्यंत, शिंपला पातळ, बाहेरून काळपट किंवा तपकिरी, कधी त्यावर नक्षी. आत जांभळट झाक. तुमच्या शिणाण्याची कड हिरवी असते आणि तो वाढून बराच मोठा होतो. पण बारीक पिल्लं सारखी दिसतात, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. खडकापेक्षा जेट्टीचे दोर, जुने टायर, तरंगती पिंपं, पिंजऱ्यांच्या जाळ्या आधी बघा, नवीन आलेलं तिथं आधी बसतं. शंका आली तर शेजारी नाणं ठेवून बाहेरचा-आतला फोटो काढा, चार-पाच नग फडक्यात गुंडाळून शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात न्या. उरलेलं खरवडून पाण्यात टाकू नका, वर उन्हात टाका.

कृष्णाकाठचा_भोई :

आमच्या सकर माशाचंबी तेच करतो मी. घावला की काठावर खड्ड्यात. पोरं म्हणत्यात पाप लागंल. मी म्हणतो, त्यो नदीत सोडला त्याला लागंल.

गलाईवाला_कोल्लम :

मास्तर, आणखी एक. सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं) तिसऱ्यांचं बी विळिंजमच्या हॅचरीत तयार करून अष्टमुडीत सोडायला सुरुवात केलीय. भोईदादा म्हणाले ना, आमच्या नदीचं बी कोण सोडत नाही, तिथं ते चाललंय. पण ज्या तळावर चारूचा थर आहे तिथं ते बी जगणार कसं, हे मला कळलेलं नाही. आधी खरवडायचं, मग पेरायचं, आणि खरवडायची मजुरी कुणी द्यायची? आजवर ती होडीवाल्यांनीच आपल्या अंगावर घेतलीय. बंदरात जहाजांकडून जी फी घेतात त्यातला वाटा यासाठी ठेवावा असं माझं मत.

कराडचा_खलाशी :

फीचं पटतं, पण मालवाहू कंपन्या भाडं वाढवून तुमच्याआमच्याकडूनच काढतील.

गलाईवाला_कोल्लम :

काढू देत. दहा जणांत वाटून घेतलेला खर्च एकट्या तिसरीवाल्यावर टाकण्यापेक्षा बरा.

माहेरवाशीण_रत्नागिरी :

भावाला फोन केला. त्याच्या होडीचा तळ मागच्या पावसाळ्यानंतर खरवडलेलाच नाही म्हणाला. अमावास्येच्या ओहोटीला जेट्टीचे दोर बघून फोटो पाठवतोय, नाणं ठेवायला सांगितलंय. आले की इथं टाकते. मास्तर, तेवढं बघून सांगा.